डेव्हिड केलिन : गोठलेल्या प्रथिनांचे पट्टे वाचणारा शास्त्रज्ञ



पेशीतील श्वसन शिकवताना आपण सायटोक्रोम हा शब्द फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. हा शब्द विज्ञानाला देणाऱ्या डेव्हिड केलिन यांची आज ओळख करून घेऊ.

केलिन यांचा जन्म १८८७ मध्ये मॉस्को येथे पोलिश कुटुंबात झाला. दम्याने त्यांना आयुष्यभर छळलं. पॅरिसला कीटकांचा अभ्यास करून १९१५ मध्ये ते केंब्रिजला आले आणि तिथलेच झाले.

घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या एका माशीच्या अळीत हिमोग्लोबिन असतं. अळीची माशी झाली की ते जातं कुठे? हे शोधताना वर्णपटदर्शीतून त्यांना माशीच्या स्नायूंत चार काळे पट्टे दिसले. यीस्टमध्येही तेच! नळी हलवून हवा मिसळली की पट्टे गायब, थोडं थांबलं की पुन्हा हजर. म्हणजे पेशी ऑक्सिजन वापरताना चक्क डोळ्यांना दिसत होती. १९२५ मध्ये त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला.

इथे एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. मॅकमन नावाच्या डॉक्टरने हे पट्टे चाळीस वर्षं आधीच पाहिले होते. पण होपे-सायलर या नामवंत शास्त्रज्ञाने ते खोडून काढले आणि मॅकमन विस्मृतीत गेला. केलिन यांनी मात्र त्याचं श्रेय त्याला जाहीरपणे दिलं.

पुढे १९४९ मध्ये हार्ट्री यांच्यासोबत त्यांनी अशी प्रथिने द्रवरूप हवेत, म्हणजे उणे १९० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठवली. उष्णतेने रेणू सतत थरथरतात, म्हणून पट्टे पसरट दिसतात. थंडीत ही थरथर कमी होते. पट्टे अरुंद आणि गडद झाले. एकच वाटणारा पट्टा बारीक पट्ट्यांत फुटलेला दिसला. हलणाऱ्या मुलाचा फोटो पुसट येतो, स्थिर बसला की स्पष्ट येतो, तसंच काहीसं हे.

केलिन यांना नोबेल मिळालं नाही. १९५१ मध्ये रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. प्रथिनांची रचना शोधणाऱ्या पेरुट्झ यांना त्यांनी आपल्या संस्थेत जागा दिली. पेरुट्झ यांना १९६२ मध्ये नोबेल मिळालं. २७ फेब्रुवारी १९६३ रोजी केलिन गेले.

आपला विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला असतो. यंदा त्या दिवशी केलिन आणि मॅकमन या दोघांचीही गोष्ट वर्गात सांगू या. शोध लावण्याइतकंच दुसऱ्याचं श्रेय मान्य करणंही मोठं असतं, हे मुलांना कळायला हवं.