निनावी शिल्पकार : सर्गेई कोरोलेव्ह

४ ऑक्टोबर १९५७ रोजी पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला आणि सारे जग थक्क झाले. स्पुटनिकचे नाव घरोघरी पोचले. पण तो घडविणाऱ्याचे नाव सोव्हिएत सरकारने गुप्तच ठेवले होते. तो माणूस म्हणजे सर्गेई कोरोलेव्ह.

युक्रेनमधील झितोमिर येथे १९०७ साली त्यांचा जन्म झाला. मॉस्कोत विमानविद्येचे शिक्षण घेऊन ते अग्निबाणांकडे वळले. १९३८ मध्ये, स्टालिनच्या राजवटीत, खोट्या आरोपांखाली त्यांना अटक झाली. कोलिमाच्या सोन्याच्या खाणीतील सक्तमजुरीने शरीर खिळखिळे झाले. पुढे कैदी अभियंत्यांच्या संशोधनशाळेत त्यांची रवानगी झाली. सुटका झाली ती १९४४ मध्ये. ज्या राजसत्तेने छळले, तिच्याचसाठी हा माणूस पुन्हा कामाला लागला!

त्यांचे खरे कसब होते माणसे जोडण्यात. इंजिन, मार्गदर्शन, रेडिओ, प्रक्षेपणतळ ही कामे निरनिराळ्या संस्थांकडे होती. त्यांच्या प्रमुखांची परिषद भरवून ते एकत्र निर्णय घेत. मे १९५७ मध्ये आर-७ हा अग्निबाण पहिल्याच चाचणीत कोसळला. दोष शोधून दुरुस्त करीत ऑगस्टमध्ये त्यांनी यश मिळविले. नियोजित अवजड उपग्रह मात्र वेळेत तयार होईना. तेव्हा त्याची वाट न पाहता ८३.६ किलो वजनाचा, ५८ सेंटिमीटर व्यासाचा साधा गोळा त्यांनी अंतराळात धाडला. अवजड उपग्रह मे १९५८ मध्ये गेला. १२ एप्रिल १९६१ रोजी त्यांच्याच यानातून युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे. चंद्रासाठीच्या प्रचंड अग्निबाणाच्या वेळी इंधनावरून इंजिनतज्ज्ञ ग्लुश्को यांच्याशी त्यांचे बिनसले. जोडलेली माणसे दुरावली. पहिल्या टप्प्यात तीस इंजिने बसवावी लागली आणि तो संपूर्ण टप्पा जमिनीवर कधी चालवून पाहिलाच गेला नाही. १४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रियेच्या वेळी कोरोलेव्ह यांचे निधन झाले. त्यानंतरच जगाला त्यांचे नाव कळले. १९६९ ते १९७२ या काळात तो अग्निबाण चार वेळा उडाला आणि चारही वेळा नष्ट झाला.

नव्या कार्यात अपयश येणारच. ते लवकर पत्करून त्यातून शिकणे हे कोरोलेव्ह यांचे सामर्थ्य. पण सारा डोलारा एकाच खांबावर उभा असला, तर तो खांब ढळताच काय होते, हेही त्यांचेच चरित्र सांगते. महाविद्यालयातील एखादे मंडळ चालविताना आपणही हे ध्यानी ठेवावयास नको काय?