शांतिब्रह्माचा धडा

देवळात रांग लांबली, उत्सवाच्या मानपानावरून महाजनांत बोलाचाली झाली, की आमची भक्ती डळमळते. अशा वेळी पैठणच्या एकनाथांचे स्मरण करावे. बालपणीच मातापित्यांस पारखे झालेल्या नाथांनी देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबातील एका पैची चूक रात्र जागून शोधली, अशी आख्यायिका आहे. तीच चिकाटी पुढे ग्रंथसेवेत उतरली. अपपाठांनी गढुळलेली ज्ञानेश्वरी त्यांनी १५८४ साली शुद्ध केली. प्राकृताच्या अभिमानापायी पंडितांचा रोष, प्रत्यक्ष पुत्राचा दुरावाही त्यांनी सोसला. पण कीर्तन थांबू दिले नाही. १५९९ साली, फाल्गुन वद्य षष्ठीस, त्यांनी गोदावरीत देह ठेवला. त्रासातही हातचे विहित कर्म सोडू नये, हीच नाथांची श्रद्धा. आमच्या देवळांच्या पायरीवर ती प्रथम रुजावी.