निळ्या बाळांच्या डॉक्टरीणबाई

कडोदऱ्यास बसून मी बाल्टिमोरच्या एका डॉक्टरीणबाईंचे चरित्र बडोदेकरांस सांगावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु गायकवाडी अमलात नवसारी प्रांतात मोडणाऱ्या या पलसाणा तालुक्यात, मागांच्या वस्तीत, ओठ व नखे निळसर पडलेले मूल दृष्टीस पडले, की मला हेलन टॉसिग आठवतात.

हेलनबाईंचा जन्म २४ मे १८९८ रोजी अमेरिकेतील केंब्रिज येथे झाला. वडील हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. आई मात्र त्या अकरा वर्षांच्या असतानाच क्षयाने गेली. लहानपणी अक्षरे लागता लागत नसत, आणि पुढे कानांनीही दगा दिला. त्यात हार्वर्डचे वैद्यकीय विद्यालय १९४५ पर्यंत स्त्रियांस प्रवेशच देत नसे. ज्या संस्थानात १९०६ पासून मुलींनाही शिक्षण सक्तीचे झाले, तेथील वाचकांस हे विशेष वाटावे! अखेर १९२७ साली जॉन्स हॉपकिन्स येथून त्या डॉक्टर झाल्या, आणि १९३० पासून तेथील बालहृदयरोग विभाग सांभाळू लागल्या.

स्टेथस्कोपने नीट ऐकू येईना, तेव्हा त्या बालकाच्या छातीवर तळहात ठेवून हृदयाची चाल जाणून घेत. क्षकिरणांच्या पडद्यावर त्याचा आकार न्याहाळीत. अशा कित्येक मुलांच्या फुप्फुसांत पुरेसे रक्तच पोचत नाही, हे त्यांनी ताडले, आणि रक्तास नवी वाट काढून द्यावी, असे सुचविले. शल्यवैद्य आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी ते मनावर घेतले. व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहायकाने कुत्र्यांवर प्रयोग करून तंत्र बसविले. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या मुलीची हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाच्या रक्तवाहिनीस जोडण्यात आली. ती त्यातून वाचली. पुढे काही काळाने गेली. पण वाट खुली झाली होती. शस्त्रक्रियेस नाव मात्र ब्लेलॉक व टॉसिग यांचेच लागले. थॉमस यांस सन्मानाची पदवी मिळण्यास १९७६ साल उजाडले.

मला हेलनबाईंचे मोठेपण शस्त्रक्रियेहूनही तिच्या आगेमागे ठेवलेल्या पहाऱ्यात दिसते. निळ्या मुलाचे रक्त दाट असते. अंगातले पाणी घटले, तर त्याची गुठळी होते. म्हणून पाण्याचा हिशेब त्या काटेकोर ठेवावयास सांगत. वाचलेल्या मुलांचा मागोवा त्यांनी पुढे वीस-वीस वर्षे घेतला. आजच्या अतिदक्षता विभागात यंत्रे अनेक आली. तरी श्वास, नाडी, प्राणवायू, लघवी यांची घटकाघटकाने नोंद ठेवणे, हा त्या शास्त्राचा पाया तोच आहे.

१९६५ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या त्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. २० मे १९८६ रोजी मोटार-अपघातात त्यांचा अंत झाला.

निळे पडलेले मूल दिसले, तर नशिबाला बोल लावून त्याला घरी ठेवू नये, लगेच डॉक्टरांस दाखवावे, एवढे जरी आपण लक्षात ठेवले, तरी या चरित्राचे वाचन सार्थकी लागले असे मी समजेन.