पोलंडच्या मुलांचे बापू

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचे नाव आपल्या मंडळ्यांत फारसे कोणी घेत नाही. त्यांचे काका रणजितसिंहजी यांना मात्र क्रिकेटमुळे सारे ओळखतात. इकडे मोहगाव-सौसरच्या पोरांनाही रणजी करंडक ठाऊक असतो. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांच्या उपयोगी पडेल म्हणून पुतण्याची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

त्यांचा जन्म १८९५ सालचा. काकांच्या मागे १९३३ साली ते गादीवर आले व पुढे नरेंद्रमंडळाचे अध्यक्ष झाले. राजकारभाराचा तपशील आम्ही सोडून देतो.

१९४० व ४१ साली रशियन सत्तेने पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसे घरांतून उचलून सैबेरिया व कझाकस्तानकडे धाडली. थंडी, भूक व तापाने आईबाप गेले आणि लेकरे मागे राहिली. त्यांपैकी काहींना १९४२ साली अश्काबादहून इराणमार्गे मालमोटारींतून हिंदुस्थानात आणले. लढाईच्या त्या दिवसांत या मुलांना आपल्या दारी ठेवून घेण्यास जामसाहेब पुढे आले. आपल्या उन्हाळी वाड्याजवळ, समुद्रकाठच्या बालाचडी गावी, त्यांनी छावणी बांधविली. आता तुम्ही अनाथ नाही, मी तुमचा बापू आहे, अशा अर्थाचे बोलून त्यांनी मुलांना जवळ केले.

पैसा लागतोच. त्यासाठी निधी उभारला गेला. त्यात इतर संस्थानिकांनी व टाटांनीही भर घातली. व्यापारी पेढीचा पैसा परक्या मुलांच्या ताटात पडला, याचे आम्हाला कौतुक वाटते. मात्र त्याच सुमारास, १९४३ साली, बंगालमध्ये आपलीच लाखो माणसे अन्नावाचून मेली, हेही शिक्षकांनी वर्गात सांगावे.

एक गंमत सांगतात. छावणीत पालकाची भाजी वरचेवर होऊ लागली तेव्हा मुलांनी जेवणावर बहिष्कार घातला. जामसाहेबांनी कारण विचारले आणि भाजीच बंद करविली. आमच्या मते पोटच्या पोराचेही इतके कोणी ऐकत नाही!

खरी कसोटी लढाई संपल्यावर आली. पोलंडात साम्यवादी राजवट आली व ती मुले परत मागू लागली. ज्यांचे तेथे कोणी उरले नव्हते त्यांना कोणाच्या हाती द्यावयाचे? तेव्हा छावणीप्रमुख फादर प्लूटा, तेथील इंग्रज अधिकारी व जामसाहेब यांनी मिळून मुलांना दत्तक घेतल्याचे कायदेशीर कागद केले. एक हिंदू राजा, एक कॅथलिक पाळक आणि एक साहेब, तिघे एका कागदावर पालक! दयेपोटी अन्न देणे वेगळे, आणि सरकारापुढे उभे राहून हे लेकरू माझे म्हणणे वेगळे. त्या कागदाच्या बळावर काही मुले पुढे अमेरिकेस गेली.

१९४६ साली बालाचडीची छावणी उठली व उरलेली मुले कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे आली. तेथे १९४३ पासून पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत होती. सुमारे ५,००० माणसे, त्यांत बहुतेक बायका व मुले. स्वतःचे चर्च होते, शाळा होत्या.

जामसाहेब १९६६ साली वारले. वॉर्सा शहरातील एका शाळेला त्यांचे नाव दिले आहे आणि तेथील एक छोटा चौक भल्या महाराजांचा चौक म्हणून ओळखला जातो. बालाचडीच्या जागी आता सैनिक शाळा भरते.