जंगल राखून शेती करायचा प्लॅन केला म्हणून 73 वर्षांच्या सिस्टर डोरोथींना गोळ्या घालण्यात आल्या

खोटा कागद जुना कसा दाखवायचा? ब्राझीलमध्ये जमिनी बळकावणाऱ्यांनी यावर एक जुगाड शोधला होता. नव्या कागदावर जमिनीचा खोटा व्यवहार लिहायचा आणि तो कागद रातकिडे भरलेल्या पेटीत ठेवून द्यायचा. थोड्या दिवसांत कागद पिवळा पडायचा, कडा कुरतडल्या जायच्या आणि तो आजोबांच्या काळातलं खरेदीखत वाटायला लागायचा. पोर्तुगीज भाषेत रातकिड्याला ग्रिलो म्हणतात. त्यावरून या धंद्याचं नावच पडलं ग्रिलाजेम.

ॲमेझॉनच्या जंगलात याच धंद्याला एक नन आडवी आली. तिच्याकडं पैसा नव्हता, पद नव्हतं. बायबल, जमिनीचे नकाशे आणि सरकारी कागद एवढंच तिचं भांडवल. तिचं नाव सिस्टर डोरोथी स्टँग.

डोरोथी यांचा जन्म 7 जून 1931 चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन शहरातला. घर कॅथलिक आणि भावंडं एकूण नऊ. 1948 मध्ये त्या सिस्टर्स ऑफ नोत्र दाम द नामूर या संघात दाखल झाल्या. गरिबांच्या शिक्षणासाठी काम करणारा हा धर्मभगिनींचा संघ. पुढं बरीच वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं. ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये असताना शेतात राबणाऱ्या स्थलांतरित मजुरांची कुटुंबं त्यांनी जवळून पाहिली.

1966 मध्ये संघानं त्यांना ब्राझीलला पाठवलं. तिथं दोनच वर्षांपूर्वी लष्करानं सत्ता हातात घेतली होती. डोरोथी पोहोचल्या ईशान्येकडच्या मारन्याव राज्यातल्या कोरोआता या गावी. जमीन मूठभर मालकांची आणि कष्ट बाकी सगळ्यांचे, असा तिथला कारभार.

त्या भागात पाद्री कमी आणि गावं लांब लांब. त्यामुळं लोकांना जमवून प्रार्थना घेणं, बायबल वाचून त्यावर बोलणं हे काम बऱ्याचदा सिस्टरच करायच्या. पण हे बोलणं नुसतं स्वर्गाबद्दल नसायचं. वाचून झालं की विषय निघायचा मजुरीचा, जमिनीचा, हक्कांचा. त्या काळात लॅटिन अमेरिकेत चर्चमधला एक मोठा गट गरिबांच्या बाजूनं उभा राहिला होता आणि अशी छोटी प्रार्थनामंडळं हा त्याचा पाया होता. डोरोथी यातच घडल्या.

1970 च्या दशकात लष्करी सरकारनं जंगल चिरत जाणारा ट्रान्स-ॲमेझॉन हायवे बांधायला घेतला. ॲमेझॉनमध्ये जमीन मिळेल, असं सांगून भूमिहीनांना तिकडं जायला सांगितलं. हजारो कुटुंबं निघाली. त्यांच्या मागोमाग डोरोथीही पारा राज्यात गेल्या आणि 1982 मध्ये हायवेलगतच्या अनापू भागात स्थायिक झाल्या. पुढं त्यांनी ब्राझीलचं नागरिकत्वसुद्धा घेतलं.

जमीन मिळाली, पण कागद मिळाला नाही. खरी गोम इथंच होती.

आपल्याकडं सातबाऱ्यावर नाव नसलं की कसणाऱ्याचे काय हाल होतात, हे वेगळं सांगायला नको. अनापूत तेच झालं. गरीब कुटुंब जंगलात झोपडी बांधायचं, शेत तयार करायचं. मग कुणीतरी जमीनदार पिवळा पडलेला कागद घेऊन यायचा आणि जमीन आपलीच असल्याचं सांगायचा. ऐकलं नाही तर बंदूकवाले यायचे, झोपड्या जळायच्या. पुढं लाकूड विकलं जायचं आणि मोकळ्या जागेत गुरं चरायला लागायची.

हाकलून दिलेलं कुटुंब आणखी आत सरकून पुन्हा झाडं तोडायचं. म्हणजे माणूसही उद्ध्वस्त आणि जंगलही. हे चक्र तोडायचं असेल तर गरिबाच्या पायाखालची जमीन पक्की करायला हवी, हे डोरोथींनी ओळखलं.

ब्राझीलमध्ये इन्क्रा नावाची सरकारी संस्था आहे. सरकारी जमिनीचं वाटप तिच्याकडं असतं. 1999 मध्ये या संस्थेनं शाश्वत विकास प्रकल्प नावाची योजना आणली. हिशोब साधा होता. कुटुंबानं वाट्याच्या साधारण 20 टक्के जमिनीत शेती करायची आणि उरलेलं 80 टक्के जंगल सगळ्यांनी मिळून राखायचं. मालकी सरकारची, कसायचा हक्क कुटुंबाचा. जमीन विकायची सोय नाही, त्यामुळं ती पुन्हा बड्यांच्या घशात जाण्याची भीती कमी.

अनापूत ही योजना यावी म्हणून डोरोथी आणि तिथले शेतकरी वर्षानुवर्षं झगडले. त्यांनी सभा घेतल्या, कुटुंबांच्या याद्या केल्या, सरकारी ऑफिसांचे उंबरठे झिजवले. अखेर प्रकल्प मंजूर झाले. त्यातल्या एकाचं नाव होतं एस्पेरांसा, म्हणजे आशा.

पण कागदावरचा हक्क बड्यांना खुपत होता. एस्पेरांसामधल्या लॉट 55 या तुकड्यावर एका जमीनदारानं दावा सांगितला. डोरोथींना जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या आणि हे त्यांनी अधिकाऱ्यांच्या कानावरही घातलं होतं. 2004 मध्ये ब्राझीलच्या वकील संघटनेनं त्यांच्या मानवी हक्कांच्या कामाचा गौरव केला, पण धमक्या थांबल्या नाहीत.

12 फेब्रुवारी 2005 च्या सकाळी त्या जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं शेतकऱ्यांच्या मीटिंगला निघाल्या होत्या. वाटेत दोन बंदूकवाल्यांनी त्यांना अडवलं. हत्यार आहे का, असं विचारल्यावर त्यांनी बायबल काढून त्यातला काही भाग वाचून दाखवला. त्यानंतर त्यांच्यावर सहा गोळ्या झाडण्यात आल्या. सुपारी ठरली होती 50 हजार रियालची.

जगभरातून संताप व्यक्त झाला. राष्ट्राध्यक्ष लुला यांच्या सरकारनं त्या भागात लष्कर पाठवलं आणि आठवड्याभरातच पारा राज्यात सुमारे 33 लाख हेक्टरचं एक नवं संरक्षित क्षेत्र जाहीर केलं.

न्याय मात्र रखडत आला. गोळ्या झाडणाऱ्याला 2005 मध्येच 27 वर्षांची शिक्षा झाली. खुनाचा कट रचणाऱ्या एका जमीनदाराला 2007 मध्ये 30 वर्षांची शिक्षा झाली. पण तेव्हाच्या कायद्यात एक मेख होती. 20 किंवा त्याहून जास्त वर्षांची शिक्षा झाली की आरोपीला नव्यानं खटला मागता यायचा. 2008 मध्ये खटला पुन्हा चालला, मारेकऱ्यानं सगळा दोष स्वतःवर घेतला आणि जमीनदार सुटला. त्याच वर्षी ही तरतूद कायद्यातून काढून टाकण्यात आली. पुढं ती सुटका रद्द झाली आणि 2010 मध्ये त्याला पुन्हा 30 वर्षांची शिक्षा सुनावली गेली. त्याच वर्षी दुसरा जमीनदारही दोषी ठरला, पण अपिलांच्या जोरावर तो अनेक वर्षं बाहेरच होता.

2008 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी डोरोथींना मरणोत्तर मानवी हक्क पुरस्कार दिला. त्यांना अनापूतच दफन करण्यात आलं आहे.

त्यांच्यानंतरही अनापूत जमिनीवरून खून होत राहिले. पण गरीब माणूस जंगल तोडतो, हा समज त्यांच्या कामानं खोटा ठरवला. उद्या आपल्याला इथून कुणी हाकलणार नाही, याची खात्री असेल तर तोच माणूस जंगल राखतो. ही खात्री देणारा एक सरकारी कागद गरिबाच्या हातात पडावा, एवढंच त्या मागत होत्या. ज्यांचा धंदाच खोट्या कागदांवर चालायचा, त्यांना नेमकी याच कागदाची भीती वाटली.