चांदीचा कस आणि गे-ल्युसॅक

रसायनशास्त्रातील अनुमापनाला इंग्रजीत टायट्रेशन म्हणतात. हा शब्द ज्या फ्रेंच ‘तीत्र’वरून आला, त्याचा एक अर्थ नाण्यातील शुद्ध सोन्याचांदीचे प्रमाण, म्हणजे आपल्या सराफांचा ‘कस’. टांकसाळीतला हा शब्द परीक्षानळीपर्यंत पोहोचवण्यात जोसेफ लुई गे-ल्युसॅक यांचा वाटा मोठा आहे.

फ्रान्सच्या लिमुझँ प्रांतात ६ डिसेंबर १७७८ रोजी त्यांचा जन्म झाला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत वडिलांना अटक झाली, तरी मुलगा पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकपर्यंत पोहोचला व पुढे बर्थोले यांचा सहायक झाला. १८०४ मध्ये बलूनमधून एकट्याने सुमारे सात हजार मीटर उंची गाठणारे आणि १८०८ मध्ये वायूंच्या संयोगाचा नियम मांडणारे गे-ल्युसॅक पाठ्यपुस्तकांत भेटतात. त्यांचे मोजमापाचे काम मात्र काहीसे उपेक्षितच राहिले.

कापड पांढरे करणाऱ्या कारखानदारांना विरंजक चुन्याची ताकद ठरवणे निकडीचे होते. निळीच्या ठरावीक द्रावणाचा रंग किती क्लोरीनने उडतो, यावरून ती ठरवण्याची रीत त्यांनी १८२४ मध्ये सुधारून मांडली. ब्युरेट आणि पिपेट ही नावे त्याच लेखनातून रूढ झाली. ब्युरेट म्हणजे मूळचा तेला-व्हिनेगरचा छोटा चंबू. पिपेट म्हणजे लहान नळी. इतकी घरगुती नावे जगभर टिकावीत, हे नवलच!

१८२९ मध्ये ते पॅरिसच्या टांकसाळीत मुख्य कसपरीक्षक झाले. चांदी शिशाबरोबर भट्टीत तापवून कस काढण्याची तेथील पद्धत शेकडो वर्षांची होती. पण तीत थोडी चांदी वाया जाई आणि कस खऱ्यापेक्षा कमी भरे. परिणामी नाण्यात कायद्याने ठरलेल्या हजारी ९०० भागांहून अधिक चांदी पडे. तोटा अर्थातच सरकारी तिजोरीला.

गे-ल्युसॅक यांनी भट्टी बाजूला सारली. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून तीत मिठाचे प्रमाणित द्रावण घालायचे. त्याचे १०० मिलिलिटर बरोबर १ ग्रॅम चांदीचा साका पाडत. बाटली जोरात हलवून साका बसू द्यायचा आणि दहापट सौम्य द्रावण एकेक मिलिलिटर घालत जायचे; दर मिलिलिटरला एक मिलिग्रॅम चांदी. नवी भर घालूनही गढूळपणा येईनासा झाला की थांबायचे. चांदी आणि मीठ नेमके जुळतात तो समतुल्य बिंदू. डोळ्यांना जाणवतो तो अंत्यबिंदू. या दोहोंतले अंतर कमी करणे हेच अनुमापनाचे सारे कसब. १८३२ मध्ये या पद्धतीची सविस्तर पुस्तिका प्रसिद्ध झाली.

९ मे १८५० रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. पाचच वर्षांनी जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोर यांनी अनुमापनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि कसाचा तो शब्द त्याच्या शीर्षकात जाऊन बसला.