रुमालावर चेंडू मारणारी सुझान

मी तुम्हांला सुझान लांगलेन या टेनिस खेळाडूची माहिती सांगणार आहे. ती मला गुरुजींनी सांगितली. आपल्या गावात टेनिसचे मैदान नाही. टेनिसमध्ये मधोमध जाळी बांधतात आणि रॅकेटने चेंडू जाळीवरून पलीकडे मारतात. समोरच्याला तो परत मारता आला नाही की आपल्याला गुण मिळतो.

सुझानचा जन्म २४ मे १८९९ रोजी फ्रान्स देशात पॅरिस शहरात झाला. लहानपणी तिला दमा होता. मलापण दमा आहे, म्हणून ती मला जास्त आवडते. तिच्या वडिलांना वाटले, पोरगी खेळली तर अंगात ताकद येईल. १९१० साली त्यांनी तिला रॅकेट आणून दिली. तेव्हा ती ११ वर्षांची होती.

तिचे वडील काही मोठे टेनिस खेळाडू नव्हते. मग त्यांनी शिकवलं कसं? तर बघून बघून! थंडीत ते सगळे समुद्राकाठी नीस या शहरात राहायचे. तिथे मोठमोठे खेळाडू सामने खेळायला यायचे. कोण पाय कुठे ठेवतो, हात कसा फिरवतो, चेंडू कुठे पाडतो, हे वडील नीट बघायचे. त्या काळी बायका हळू खेळायच्या. पुरुष जोरात मारायचे आणि जाळीजवळ धावत जायचे. वडिलांनी ठरवलं, सुझानला पुरुषांसारखंच शिकवायचं. ते मैदानात एक रुमाल टाकायचे. सुझानने चेंडू बरोबर रुमालावर मारायचा. मग रुमाल दुसरीकडे ठेवायचे. वडील फार कडक होते.

१९१४ साली १५ वर्षांची असताना तिने पॅरिसजवळ मोठी जागतिक स्पर्धा जिंकली. मग महायुद्ध सुरू झाले आणि स्पर्धा बंद पडल्या. १९१९ साली ती इंग्लंडला विंबल्डन स्पर्धेत पहिल्यांदा खेळली. शेवटचा सामना डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स यांच्याशी होता. त्या ४० वर्षांच्या होत्या आणि ही स्पर्धा ७ वेळा जिंकल्या होत्या. दोनदा असं झालं की, त्यांना जिंकायला फक्त एकच गुण हवा होता. पण सुझानने हार मानली नाही. ती १०-८, ४-६, ९-७ अशी जिंकली.

१९२० साली ऑलिंपिकमध्ये तिने २ सुवर्णपदके आणि १ कांस्यपदक मिळवले. १९२१ साली अमेरिकेत मात्र ती आजारी पडली, खोकला आला आणि मोला मॅलरी यांच्याशी चाललेला सामना अर्धवट सोडावा लागला. लोकांनी तिला नावे ठेवली. पुढच्याच वर्षी विंबल्डनला तिने त्यांनाच ६-२, ६-० असे हरवले. एकेरीत तिने विंबल्डन ६ वेळा जिंकले. नंतर ती पॅरिसला मुलांना टेनिस शिकवू लागली. ४ जुलै १९३८ रोजी ती वारली. तेव्हा ती फक्त ३९ वर्षांची होती. पॅरिसमधल्या एका मोठ्या टेनिस मैदानाला तिचे नाव दिले आहे.

आता माझं सांगते. खेळाच्या तासाला मी लिंबाखाली बसते. पळाले तर धाप लागेल म्हणून आई नको म्हणते. सगळे लगोरी खेळतात, मी नुसती बघते. आधी मला रडू यायचं. सुझानची गोष्ट ऐकल्यावर मी नीट बघायला लागले. नेम चांगला असणारी मुलं चेंडू टाकताना पाय पुढे ठेवतात आणि लगोरीवरची नजर काढत नाहीत. मग मी घरामागे रुमाल ठेवून उभ्या उभ्या चेंडू मारला. पहिल्या दिवशी २० पैकी १ लागला. आता ९ लागतात आणि धाप लागत नाही.

यावरून आपण शिकावे की, नीट बघणे हासुद्धा अभ्यासच आहे. पण नुसतं बघून भागत नाही, पुढे खेळावंही लागतं. आज माझी आई हे वाचायला येणार आहे. आई, मी पळणार नाही, फक्त नेम धरायला उभी राहते. राहू का?